एका सेलच्या खिशातल्या टॉर्चचा उजेड घरच्या घरी वाढवण्याची रीत

खिशात मावणाऱ्या, एका पेन्सिल सेलवर चालणाऱ्या आणि तोंड पुढेमागे सरकवून झोत लहानमोठा करता येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या टॉर्च आता रस्त्यावरच्या पथारीपासून ऑनलाइन दुकानांपर्यंत सगळीकडे मिळतात. एसके-६८ या चिनी नमुन्यावरून केलेल्या या असंख्य नकला असून त्यांची घडण बहुतेक सारखीच असते: मागे रबराचे बटण, मध्ये सेलची नळी, पुढे सरकणारे डोके आणि त्यात एक जाड बहिर्गोल भिंग. थोडक्या पैशांत मिळणाऱ्या या वस्तूचा बाहेरचा सांगाडा चांगला असतो, पण आतले काम हातघाईने उरकलेले असते. म्हणूनच ज्याला सोल्डरिंग आयर्न बेताने चालवता येते त्याला येथे सुधारणेस भरपूर वाव आहे. पुढची सगळी कृती याच प्रकारच्या टॉर्चला धरून लिहिली आहे. घरात जुनी पितळी, दोन मोठ्या सेलची आणि बल्बची टॉर्च असेल तर तिच्यासाठी एवढा खटाटोप करू नये; तिच्या बल्बच्याच मापाचा एलईडी बल्ब मिळतो, तो बसवला की काम झाले.

उजेड वाढवायचा म्हणजे एलईडीत जास्त करंट ढकलायचा, असा सर्वसाधारण समज आहे आणि बहुतेक टॉर्च त्याच समजापायी जळतात. प्रत्यक्षात अशा टॉर्चमध्ये सेलपासून भिंगापर्यंतच्या वाटेवर ठिकठिकाणी गळती चालू असते: सेलचा स्वतःचा रोध, मळकट आटे, पोलादी स्प्रिंग, जुन्या पिढीचा किंवा नकली एलईडी, उष्णता बाहेर न जाणे आणि ओरखडलेले भिंग. ही गळती आधी बंद करावी, मग उष्णतेला वाट करून द्यावी आणि करंट वाढवण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा. हा क्रम पाळला तर पुष्कळदा शेवटच्या पायरीची गरजच उरत नाही.

आधी मोजमाप

डोळा हा उजेडाचा वाईट मापारी आहे. प्रकाश प्रत्यक्षात दुप्पट झाला तरी डोळ्याला तो थोडासाच वाढल्यासारखा वाटतो. डोळ्याला दुप्पट वाटावा यासाठी तो प्रत्यक्षात चौपटीच्या आसपास वाढावा लागतो. त्यामुळे प्रत्येक पायरीनंतर काही फरक पडला की नाही हे ठरवण्यासाठी आकडा हवा. बहुतेक स्मार्टफोनमध्ये प्रकाशाचा सेन्सर असतो आणि लक्स (एखाद्या जागेवर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक) दाखवणारी ॲप फुकट मिळतात. खिडकी नसलेल्या किंवा पूर्ण अंधार केलेल्या न्हाणीघरात टॉर्च बुडावर उभी करून झोत छतावर सोडावा, फोन जमिनीवर एका ठराविक जागी पालथा न ठेवता उताणा ठेवावा आणि टॉर्च लावल्यानंतर अर्ध्या मिनिटाने आकडा टिपून घ्यावा. लावल्याबरोबरचा आकडा घेऊ नये, कारण एलईडी थंड असताना जास्त उजेड देतो आणि सेलचे व्होल्टेजही पहिल्या काही सेकंदांत खाली येते. फोनच्या सेन्सरचा आकडा प्रयोगशाळेइतका अचूक नसतो, परंतु आपल्याला फक्त आधीच्या आणि नंतरच्या आकड्याची तुलना करायची असल्यामुळे त्याने काही बिघडत नाही; जागा, छत आणि भिंगाची सरक मात्र दर वेळी तीच हवी.

दुसरे मोजमाप करंटचे. मागची टोपी काढून मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत जोडावा, एक टोक सेलच्या ऋण बाजूला आणि दुसरे नळीच्या रंग नसलेल्या धातूच्या कडेला टेकवावे. टॉर्च पेटते आणि सेलमधून निघणारा करंट दिसतो. हा करंट एलईडीचा नव्हे. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात आणि सेल दीड व्होल्टपेक्षा जास्त देत नाही, म्हणून आतले छोटे सर्किट व्होल्टेज चढवते आणि त्या बदल्यात करंट कमी होतो. उदाहरणार्थ, १.२ व्होल्टच्या सेलमधून १.५ अँपिअर जात असेल तर ती १.८ वॅट शक्ती झाली. सर्किटची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर एलईडीपर्यंत १.४४ वॅट, म्हणजे ३ व्होल्टला जेमतेम अर्धा अँपिअर पोचतो. आजचा चांगला एलईडी एका वॅटमागे सव्वाशेच्या आसपास ल्यूमेन (एकूण बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक) देतो. या हिशेबाने खोक्यावर छापलेले दोन हजार ल्यूमेन खरे करायचे तर एलईडीला सोळा वॅट लागतील, आणि तेवढी शक्ती एका पेन्सिल सेलमधून निघणे अशक्य आहे. खोक्यावरच्या आकड्याशी आपल्या मोजमापाची तुलना करण्यात वेळ घालवू नये.

सेल, आटे आणि स्प्रिंग

सर्वांत स्वस्त आणि निर्धोक सुधारणा म्हणजे सेल बदलणे. साधा झिंक-कार्बन सेल घड्याळासाठी ठीक असतो, टॉर्चसाठी नव्हे. त्याच्यावर भार पडताच व्होल्टेज कोसळते. अल्कलाइन सेल त्याच्यापेक्षा पुष्कळ बरा, पण त्याचाही अंतर्गत रोध एवढा असतो की एक-दीड अँपिअर ओढताना तो लवकर दमतो. पुन्हा चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल कागदावर १.२ व्होल्टचाच असूनही येथे सरस ठरतो, कारण त्याचा अंतर्गत रोध अल्कलाइनच्या काही पटींनी कमी असतो आणि जवळजवळ संपेपर्यंत तो आपले व्होल्टेज टिकवून धरतो. दोन हजार मिलीअँपिअर-तासाच्या आसपासचा आणि पडून राहिला तरी चार्ज राखणारा सेल घ्यावा. ज्यांना टॉर्च उघडायची नाही त्यांनी एवढे करून आणि पुढील स्वच्छता करून थांबले तरी फरक जाणवेल.

याच मापात १४५०० नावाचा लिथियम-आयन सेलही बसतो. १४ मिलिमीटर व्यास आणि ५० मिलिमीटर लांबी यावरून हे नाव आले आहे. तो ३.७ व्होल्टचा असतो, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्टपर्यंत जातो, आणि मूळ सर्किट त्याला चालत असेल तर उजेड एकदम वाढतो. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. २००० मिलीअँपिअर-तासाच्या १.२ व्होल्ट सेलमध्ये २.४ वॅट-तास ऊर्जा असते आणि ८०० मिलीअँपिअर-तासाच्या १४५०० सेलमध्ये साधारण ३ वॅट-तास. साठा जवळपास तेवढाच आहे; लिथियम सेल तो अधिक वेगाने आणि कमी नासाडीने बाहेर देतो, इतकेच. उजेड तिप्पट झाला तर सेलही त्याच प्रमाणात लवकर संपणार. १४५०० सेलवर १२०० च्या वरची क्षमता छापलेली दिसली तर तो सेल घेऊच नये.

लिथियम सेल घालण्यापूर्वी टॉर्चच्या माहितीपत्रकात ३.७ व्होल्ट चालेल असे लिहिलेले आहे का ते पाहावे. नसेल तर जुने सर्किट तसेच ठेवून तो घालू नये. पुष्कळ सर्किटे फक्त व्होल्टेज चढवणारी असतात. सेलचे व्होल्टेज एलईडीच्या गरजेपेक्षा वर गेले की त्यांचे नियंत्रण सुटते, करंट सरळ एलईडीत जातो आणि त्याला अडवायला तारा व स्प्रिंग यांच्या रोधाखेरीज कोणी उरत नाही. सेल संरक्षक सर्किट असलेला घ्यावा. तो दोन-तीन मिलिमीटर लांब असतो, म्हणून टोपी पूर्ण बसते की नाही हे आधी तपासावे. चार्जर लिथियम-आयनसाठीचा, ४.२ व्होल्टला थांबणारा आणि एवढ्या लहान सेलला अर्ध्या अँपिअरपेक्षा जास्त न देणारा असावा. आणि दोन सेलच्या टॉर्चमध्ये १४५०० चे दोन सेल एकामागे एक कधीही घालू नयेत, कारण मग आत ८.४ व्होल्ट जातात.

आता आटे. या टॉर्चमध्ये नळी हीच एक तार असते आणि करंट आट्यांतून व कडांवरून वाहतो, त्यामुळे तेथे बसलेला काळा लेप, वाळलेले ग्रीस किंवा सेल फुटून आलेली पांढरी पूड सरळ उजेड खाते. पांढरी पूड अल्कलाइन सेलची असेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडे व्हिनेगर घेऊन पुसावी, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करून पूर्ण वाळू द्यावे. नळीची जी कड टोपीतल्या पत्रीला टेकते तेथे रंगाचा थर असेल तर बारीक पॉलिश पेपर सपाट काचेवर ठेवून त्यावर नळी गोल फिरवावी. कड चकचकीत व सपाट झाली पाहिजे. आट्यांना आणि रबरी ओ-रिंगला अगदी नावापुरते सिलिकॉन ग्रीस लावावे. पेट्रोलियम जेली वापरू नये, कारण काही प्रकारचे रबर तिने फुगते.

स्प्रिंगकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि एका सेलच्या टॉर्चमध्ये तीच मोठी चोर असते. स्प्रिंग पोलादी तारेची, बारीक आणि वेटोळ्यांमुळे लांब असते. स्प्रिंग, बटण आणि सांधे मिळून ०.१ ओहम रोध असला तर १.५ अँपिअरला ०.१५ व्होल्ट तेथेच जातात. १२ व्होल्टच्या यंत्रात एवढ्याने काही फरक पडला नसता, पण १.२ व्होल्टच्या सेलचा हा आठवा हिस्सा आहे. उपाय सोपा आहे. टोपीच्या आतली खाचा असलेली चकती टोकदार पकडीने फिरवून काढावी, बटणाचा संच बाहेर घ्यावा आणि २४ गेजची मऊ सिलिकॉन आवरणाची तांब्याची तार स्प्रिंगच्या पोटातून घालून तिचे एक टोक स्प्रिंगच्या माथ्याला व दुसरे तळाच्या पट्टीला सोल्डर करावे. पोलादावर सोल्डर सहज धरत नाही, म्हणून जागा आधी पॉलिश पेपरने घासून फ्लक्स (सोल्डर धरायला मदत करणारा लेप) लावावा. तार स्प्रिंगपेक्षा थोडी लांब, हलक्या वळणाची ठेवावी. स्प्रिंग दाबल्यावर ती वाकली पाहिजे, पण टोपीच्या भिंतीला घासता कामा नये. माथ्यावरचा सोल्डर पसरट असावा, कारण उंच टेंगूळ राहिले तर सेल तिरपा बसतो. बटणाच्या प्लॅस्टिकला उष्णता सोसत नाही, तेव्हा आयर्न दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवू नये; एकदा जमले नाही तर थंड होऊ देऊन पुन्हा प्रयत्न करावा. सर्किटच्या पुढच्या बाजूलाही स्प्रिंग असेल तर तिलाही हाच उपाय लागू आहे.

एलईडी बदलणे

येथपर्यंतच्या कामात टॉर्च बिघडण्याची फारशी भीती नव्हती. यापुढे ती आहे. डोक्याची पुढची कड फिरवून भिंग काढले की आत धातूचा एक गोल तुकडा दिसतो. हौशी लोक त्याला पिल म्हणतात. त्याच्या वरच्या तोंडाशी एलईडीची चकती आणि पोटात सर्किट असते. तो आट्यांवर बसवलेला असून फिरवण्यासाठी त्याला बहुधा समोरासमोर दोन भोके किंवा खाचा असतात. आटे गोंदाने चिकटवलेले असतील तर जोर करू नये. सेल काढून टाकून डोके काही मिनिटे केस वाळवण्याच्या यंत्रापुढे धरावे, गोंद मऊ पडतो.

कोणता एलईडी घ्यायचा हे झोत कसा हवा यावर ठरते, आणि भिंगाच्या टॉर्चमध्ये ही निवड आरशाच्या टॉर्चपेक्षा वेगळी असते. भिंग पूर्ण पुढे सरकवल्यावर भिंतीवर जो चौकोन दिसतो तो एलईडीच्या चिपचे मोठे केलेले चित्र असते. चिप मोठी घेतली तर एकूण प्रकाश वाढतो, पण चौकोनही मोठा होतो आणि झोत पूर्वीपेक्षा लांब जाईलच असे नाही. लांब पल्ल्यासाठी चिपच्या दर चौरस मिलिमीटरमागचा प्रकाश वाढावा लागतो. टॉर्चचा पल्ला मोजण्याची २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली अमेरिकन एफएल-१ ही प्रमाणपद्धत आहे. तिच्यात झोत ०.२५ लक्सपर्यंत उतरतो ते अंतर पल्ला मानतात, आणि अंतराच्या वर्गाने प्रकाश पातळ होत असल्याने पल्ला दुप्पट करायला झोताच्या मध्यभागाची तीव्रता चौपट व्हावी लागते. म्हणून रात्री शेताच्या दुसऱ्या बांधावरचे पाहायचे असेल तर लहान, एक मिलिमीटरच्या आसपास बाजू असलेल्या चिपचा एक्सपी-ई२ सारखा एलईडी घ्यावा. पायवाट, अंगण, गाडीचे इंजिन किंवा किल्ल्यावरची मुक्कामाची जागा उजळायची असेल तर मोठ्या चिपचा एक्सपी-जी२ किंवा एक्सपी-जी३ घ्यावा. या सर्वांचा पाया ३.४५ मिलिमीटर चौरसाचा, एकाच मापाचा असतो. एक्सपी-जी२ च्या आर५ या प्रतीचा एलईडी ३५० मिलीअँपिअरला किमान १३९ ल्यूमेन देतो आणि त्याची कमाल मर्यादा १.५ अँपिअर आहे, त्यामुळे आपल्या कामाला तो अगदी पुरेसा आहे.

रंगाचाही विचार करावा. स्वस्त टॉर्चमधला निळसर, ६५०० केल्व्हिनचा (हा आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर) प्रकाश दुकानात झगझगीत वाटतो, पण ओली माती, पाचोळा आणि त्यावरचा साप त्या प्रकाशात सारख्याच राखाडी रंगाचे दिसतात. पावसाळ्यात व धुक्यात तर तो थेंबांवरच फुटून डोळ्यांवर येतो. ४००० ते ५००० केल्व्हिनचा एलईडी आकड्यात थोडा कमी भरला तरी नजरेला जास्त दाखवतो, असे माझे मत आहे.

सुटा एलईडी घेऊन तो स्वतः चकतीवर बसवणे शक्य असते, पण पहिल्या खेपेस तो आधीच तांब्याच्या चकतीवर बसवलेला घ्यावा. चकती खऱ्या तांब्याची आणि एलईडीच्या मधल्या पायाला थेट तांब्यापर्यंत वाट देणारी असावी. ॲल्युमिनियमच्या साध्या चकतीत मध्ये विद्युतरोधक थर असतो आणि उष्णता त्यातून रखडत जाते. जुन्या चकतीचा व्यास व्हर्नियरने मोजावा. १६ आणि २० मिलिमीटर ही नेहमीची मापे आहेत आणि किंचित मोठी चकती कानशीने गोल घासून बसवता येते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तारा, फ्लक्स, थर्मल पेस्ट हे सगळे मिळते. ठराविक प्रतीचा एलईडी मात्र बहुधा ऑनलाइन मागवावा लागतो.

जुन्या चकतीच्या दोन्ही तारा सोडवण्यापूर्वी कोणती धन बाजूला होती याचा फोटो काढून ठेवावा. चकती उष्णता ओढून घेते, म्हणून २५ वॅटचे बारीक आयर्न येथे कमी पडते; ५०-६० वॅटचे, रुंद टोकाचे आयर्न घेऊन काम झटकन उरकावे. तारा केसासारख्या बारीक असतील तर त्याच वेळी त्या बदलून टाकाव्यात. नवीन चकतीच्या धन व ऋण ठिकाणी आधी थोडा सोल्डर चढवून घ्यावा आणि मगच तारा टेकवाव्यात. एलईडीच्या पारदर्शक घुमटाला बोट किंवा चिमटा लावू नये. तो मऊ सिलिकॉनचा असतो आणि आडवा धक्का बसला तर आतल्या सूक्ष्म तारांसकट उखडतो. जोडणीनंतर तीन व्होल्टचा सीआर २०३२ हा बटण सेल धन-ऋण पाहून चकतीच्या बिंदूंवर टेकवावा. एलईडी मंद उजळला तर दिशा बरोबर आहे. मग मल्टिमीटर शिट्टीच्या खुणेवर ठेवून चकतीची प्रत्येक बाजू आणि पिलचा धातू यांच्यात जोड झाला नाही ना ते तपासावे. तारांच्या भोकाशी आवरण सोलले जाऊन तार पिलला टेकणे हा येथला नेहमीचा घोटाळा आहे. त्यावर कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणाऱ्या विद्युतरोधक चिकटपट्टीचा) छोटा तुकडा लावला की तो टळतो.

उष्णतेची वाट

एलईडी थंड असतो ही समजूत बल्बच्या तुलनेत जन्मली असून ती दिशाभूल करणारी आहे. एलईडीला दिलेल्या शक्तीचा निम्म्याहून अधिक भाग उष्णता होऊन एका मिलिमीटरभर चिपमध्ये साचतो. बल्ब आपली उष्णता किरणांनी पुढे फेकतो. एलईडीला ती मागून, धातूतून काढून द्यावी लागते. तापला की त्याचा उजेड घटतो, आणि तापतच राहिला तर काही तासांत निळा पडून निकामी होतो.

स्वस्त टॉर्चमधला खरा दोष येथे सापडतो. पिल आतून पोकळ असते आणि एलईडीची चकती केवळ एका बारीक कडेवर टेकलेली असते. कधी तर चकतीखाली पेस्टचा ठिपकाही नसतो. उपाय म्हणजे ती पोकळी वरून भरून काढणे. दोन मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या पत्र्याची, पिलच्या तोंडात घट्ट बसेल अशी चकती कापून घ्यावी आणि तारांसाठी तिला दोन भोके पाडावीत. पुण्यातल्या तांबट आळीसारख्या ठिकाणी पत्र्याचा तुकडा सहज मिळतो. तांब्यातून उष्णता पितळेच्या तिपटीहून अधिक सहज वाहते. चकती पिलला सोल्डर करता आली तर उत्तम. पिल ॲल्युमिनियमची असेल तर साधा सोल्डर धरणार नाही, मग ती दाबून बसवून कडेने उष्णतावाहक गोंद लावावा. खालच्या सर्किटच्या कोणत्याही भागाला तांबे टेकत नाही याची खात्री केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

वरचा पृष्ठभाग काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासून सपाट करावा, थर्मल पेस्टचा ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका मध्यावर ठेवावा आणि एलईडीची चकती किंचित फिरवत दाबून बसवावी. पेस्टचा उपयोग दोन धातूंमधल्या सूक्ष्म खळग्यांतली हवा घालवण्यापुरता आहे. ती स्वतः तांब्याच्या मानाने उष्णतेची फार मंद वाहक असते, म्हणून जाड थर दिला तर फायद्याऐवजी तोटा होतो. पिलच्या आट्यांनाही थोडी पेस्ट लावावी, कारण उष्णतेला शेवटी नळीत आणि तेथून हातात जायचे आहे. पिलमार्फत नळीला विद्युतजोडही मिळत असतो, त्यामुळे आट्यांवरची पेस्ट इतकी नको की धातू धातूला टेकणारच नाही.

भिंगाबद्दल थोडक्यात. ते ॲक्रिलिकचे असते आणि नव्याकोऱ्या ॲक्रिलिकमधून सुमारे ९२ टक्के प्रकाश पार जातो. ओरखडे व धूळ यांनी तो कमी होतो. साबणाच्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपावे. अल्कोहोल ॲक्रिलिकला लावू नये, त्याने बारीक तडे जातात. डोक्याच्या आतली भिंत काळी ठेवावी की चकचकीत करावी यावर हौशी मंडळींत वाद होतो. चकचकीत केल्याने पसरट झोतात थोडी भर पडते, पण लांब झोताभोवती नको असलेली वलये येतात. मी ती काळीच ठेवतो.

करंट वाढवायचाच असेल तर

वरची सगळी कामे झाल्यावर न्हाणीघरातला आकडा पुन्हा घ्यावा. तो समाधानकारक असेल तर तेथेच थांबून टॉर्च वापरायला लागावे. तरीही आणखी हवे असेल तर दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग मूळ सर्किटशी छेडछाड करण्याचा. अनेक सर्किटांवर आर१० किंवा आर२० असे छापलेला एक लहान चपटा रोधक असतो. आर२० म्हणजे ०.२ ओहम. सर्किट त्याच्यावरचे व्होल्टेज पाहून करंट ठरवते, त्यामुळे रोध कमी केला की करंट वाढतो. त्याच्यावर तेवढ्याच किमतीचा दुसरा रोधक चढवून करंट एकदम दुप्पट करण्याचा मोह टाळावा. ०.२ ओहमवर १ ओहमचा रोधक समांतर लावला तर एकूण रोध ०.१६७ ओहम होतो आणि करंट २० टक्के वाढतो. एवढी वाढ सर्किट बहुधा पचवते. त्यापुढे गेल्यास सर्किटातले व्होल्टेज चढवणारे छोटे वेटोळे संपृक्त होते, म्हणजे त्याची चुंबकीय क्षमता संपते, जादा शक्ती उजेडाऐवजी सर्किटच्याच उष्णतेत जाते आणि सेलवरचा भार मात्र वाढतो. २० टक्के वाढ डोळ्याला फारशी कळत नाही हे पाहता या मार्गात मला विशेष अर्थ दिसत नाही.

दुसरा मार्ग सर्किट बदलण्याचा, आणि तो फक्त १४५०० लिथियम सेलसाठी आहे. एएमसी ७१३५ ही चिप एलईडीला साधारण ३५० मिलीअँपिअर स्थिर करंट देते आणि एका सर्किटवर अशा अनेक चिप शेजारी शेजारी बसवता येतात: दोन चिपांचे ७००, तीन चिपांचे १०५० मिलीअँपिअर. पिलच्या आतला व्यास मोजून त्या मापाचे, दोन किंवा तीन चिपांचे सर्किट घ्यावे. त्याचा बाहेरचा कडेचा पट्टा ऋण असतो आणि तो पिलला दोन-तीन ठिकाणी सोल्डर करावा लागतो. मधला बिंदू धन. चिपा उलट्या जोडलेल्या सेलने क्षणात जळतात, तेव्हा सेल घालताना दिशा पाहावी. कमी-मध्यम-जास्त अशा पायऱ्या असलेले सर्किट मिळत असेल तर तेच निवडावे, कारण सदासर्वकाळ पूर्ण उजेडाची गरज नसते.

तीन चिपांवर एलईडीला सुमारे ३.४ वॅट जातात, शिवाय सेल नुकताच चार्ज केलेला असताना जादा व्होल्टेज चिपा स्वतःत जिरवतात. एवढ्या लहान टॉर्चसाठी हे सतत चालवण्याजोगे नाही. ८०० मिलीअँपिअर-तासाचा सेल तसाही पाऊण तासात संपेल. या आकाराच्या टॉर्चसाठी दोन चिपांचे सर्किट मला रास्त वाटते. तीन चिपांचे घेतले तर पूर्ण उजेड दोन-तीन मिनिटांच्या आत आवरावा.

शेवटची चाचणी हाताने करायची आहे. टॉर्च पूर्ण उजेडावर लावून डोके मुठीत धरावे. एका-दीड मिनिटात ते स्पष्ट कोमट होऊ लागले तर उष्णतेची वाट नीट झाली आहे. डोके थंडगार राहिले आणि फोनवरचा आकडा मात्र मिनिटामिनिटाला घसरत असला तर उष्णता आतच कोंडते आहे. टॉर्च ताबडतोब बंद करून चकतीखालची बैठक पुन्हा तपासावी. डोके हातात धरवेनासे झाले की ती वापराची मर्यादा समजावी. चाचणी चालू असताना एलईडीकडे सरळ पाहू नये आणि लहान मुलांना तर तो झोत मुळीच दाखवू नये.

टॉर्च पुन्हा बंद करताना ओ-रिंग जागेवर आहेत ना ते पाहावे. लिथियम सेल घातलेली टॉर्च उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये, खिशात ठेवताना टोपी अर्धा आटा सैल करावी म्हणजे चुकून बटण दाबले गेले तरी ती पेटणार नाही, आणि सेल फुगलेला किंवा आवरण फाटलेला दिसला तर तो घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा. सर्किट बदललेल्या टॉर्चच्या नळीवर ‘फक्त १४५००, एकच’ अशी चिठ्ठी पक्क्या चिकटपट्टीने लावून ठेवावी. नाहीतर घरातले कोणीतरी तिच्यात साधा पेन्सिल सेल घालेल, दीड व्होल्टवर नवे सर्किट पेटणार नाही, आणि बिघडली म्हणून चांगली टॉर्च भंगारात जाईल.